तापाचा रकाना

मी काय काम करतो हे गावात मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. लॅबमध्ये होतो तोवर बरं होतं. ‘रक्त तपासतो’ म्हटलं की लोकांचं समाधान व्हायचं. आता मी रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसतो आणि दुसऱ्या कुणी कधीकाळी तपासलेल्या रक्ताच्या नोंदी लावत असतो. शेजारचे काका मला कॉम्प्युटरवाले म्हणतात आणि त्यांचा प्रिंटर अडला की हाक मारतात. प्रिंटरमधलं मला काहीएक कळत नाही, पण हे त्यांना पटत नाही.

प्रकार असा आहे. शरीर रोगाशी कसं लढतं याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा जगभर आहेत आणि प्रत्येकीची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एक ‘ताप’ लिहिते, दुसरी ‘अंग गरम’, तिसरी नुसता थर्मामीटरचा आकडा टाकते. या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करायच्या तर आधी शब्दांचे अर्थ एक करावे लागतात. त्यासाठी सगळ्यांनी मिळून मान्य केलेली एक यादी असते, तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. तिच्यात प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक, एक व्याख्या, आणि ती कशाचा प्रकार आहे हे लिहिलेलं असतं. ताप हे लक्षण, आयजीएम हा प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटीबॉडीचा, एक प्रकार, आणि असंच वर वर चढत जायचं. माझ्या थोरल्या भावाला आई बाळ म्हणायची, मी दादा म्हणायचो, वहिनी ‘हे’ म्हणायची आणि वाडीतली पोरं ढोलकीवाला काका म्हणायची. माणूस एकच. ऑन्टॉलॉजी त्या माणसाला एक क्रमांक देते, मग कुणी काहीही म्हणो.

या कामात मी वाईट माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. विशेषतः ‘नाही’ या शब्दावरून मी लोकांना फोनवर फैलावर घेतो. ‘विचारलं आणि नाही म्हणाले’ हे एक, ‘विचारलंच नाही’ हे दुसरं, आणि ‘विचारलं पण त्यांना माहीत नव्हतं’ हे तिसरं. या तिन्हींना यादीत वेगवेगळे क्रमांक आहेत आणि लोक तिन्हींच्या जागी सरळ ‘नाही’ ठोकून मोकळे होतात. आमच्या प्रकल्पप्रमुख बाई पुण्यात असतात. त्या मला म्हणतात, “तुम्ही स्वतःच्या लग्नातसुद्धा भटजींना व्याख्या विचारली असेल.” लग्न झालंच नाही म्हणून, नाहीतर विचारली असती.

गेल्या फेब्रुवारीत त्यांनी मला एक जुनं काम पाठवलं. लेप्टोचं सर्वेक्षण. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, चिखलातून, उंदरांच्या मुतातून होणारा हा ताप आमच्याकडे नवा नाही. देवरूखच्या आसपासच्या गावांत कुणाच्या रक्तात त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड आहेत ते बघायला सहा वर्षांपूर्वी शिबिरं घेतली होती. त्या नोंदी आता सामाईक यादीप्रमाणे लावून इतर देशांतल्या अभ्यासकांसाठी खुल्या करायच्या होत्या. बाईंना ठाऊक होतं की त्या शिबिरांत मी तंत्रज्ञ होतो, फॉर्म भरायलाही होतो. “तुम्हाला सोपं जाईल,” त्या म्हणाल्या.

सोपं गेलं. पहिले तीन दिवस इतकं सोपं गेलं की मी शिट्टी वाजवत काम करत होतो. चौथ्या दिवशी ‘राहण्याचं ठिकाण’ हा रकाना घेतला आणि हात थांबला.

शिबिरं आम्ही गणपतीत घेतली होती. एरवी गावात माणूस मिळत नाही, सणाला घरं भरलेली असतात, म्हणून. कल्पना माझीच. रांगा लागल्या होत्या, कारण सोबत साखर आणि हिमोग्लोबिन फुकट तपासून मिळत होतं. त्या रांगेतले निम्मे पुरुष मुंबईहून आदल्या दोन दिवसांत उतरलेले. आम्ही विचारलं, राहता कुठे? सगळ्यांनी गावाचं नाव सांगितलं. आमच्याकडचा माणूस तीस वर्षं नालासोपाऱ्यात काढील, पण तो तिथे राहत नाही; तो तिथे असतो. राहतो तो गावाला. धंदा विचारला तर शेती म्हणाला. खोटं कुणीच बोललं नाही. आणि मी, त्याच मातीतला, पेन हातात धरून सगळ्यांची गावं लिहून घेत गेलो. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. परजिल्ह्यातला कुणी असता तर त्याने निदान ‘बॅग कसली हो?’ असं तरी विचारलं असतं.

म्हणजे मुंबईच्या तुंबलेल्या गल्ल्यांतून रोग घेऊन आलेली माणसं आमच्या भातशेतीच्या खात्यावर पडली होती. नोंदी जशाच्या तशा गेल्या असत्या तर जगाने वाचलं असतं की या गावातला चिखल वाईट. मला आधी स्वतःचा राग आला, मग हसू आलं, आणि मग मी हसायचा थांबलो. कारण त्या रांगेत दादा होता.

दादा घाटकोपरला एका गोदामात कामाला होता. त्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी तो घरी आला. शिबिर आमच्याच वाडीच्या शाळेत, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओढ्याकाठच्या कुणग्याची मेर फुटली. कुणगा म्हणजे भाताचा लहानसा तुकडा, आणि मेर म्हणजे त्याचा मातीचा बांध. पाणी वाहून चाललं होतं. वहिनी घरच्या सणाच्या गडबडीत होती, ती दादाला म्हणाली, तेवढी मेर घालून या. तो गेला, तास-दोन तास गुडघाभर चिखलात उभा राहिला, मेर घालून आला. गौरी-गणपती गेले त्या संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. आठव्या दिवशी तो इस्पितळात गेला. गेला म्हणजे वारला.

दाखल केलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरले होते का? विचारायलाच हवं असं ते होतं. वहिनीने सांगितलं, मेर घालायला गेले होते. ती हे सांगत असताना आई शेजारी उभी होती. त्या एका वाक्यावर पुढची पाच वर्षं आमचं घर चाललं. आईने आरडाओरडा केला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती शांतपणे सांगायची, “सनाला आलेला मानूस, हिनं चिखलात धाडला.” वहिनी चुलीपाशी असायची, तिला ऐकू जायचं, आणि जावं म्हणूनच आई सांगायची. वहिनीने कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं. त्या कुणग्यात तिने पुन्हा पाय टाकला नाही. बाकीची भातं लावायची, तो तुकडा तसाच टाकायची. आई गेल्या वर्षी गेली, तीही तेच मनात धरून.

मी दादाची ओळ शोधली. शोधायची नव्हती. या कामाला लागताना मी सही केली आहे की नोंदींवरून कोणत्याही व्यक्तीची ओळख पटवायचा प्रयत्न करणार नाही. नावं काढलेली असतात. पण तारीख, वाडी, वय आणि फॉर्म ज्या क्रमाने मी स्वतः भरले तो क्रम, एवढं असल्यावर प्रयत्न करावा लागत नाही. वहिनीची ओळ, तिच्याखाली दादाची.

आयजीएम: आढळले.

रक्ताचे नमुने आम्ही तेव्हा पुढे पाठवून दिले होते, निकाल मी आजवर पाहिले नव्हते. हे प्रतिपिंड रोग शरीरात शिरल्याबरोबर उगवत नाहीत. ताप सुरू झाल्यावर साधारण आठवडा जावा लागतो, तेव्हा ते चाचणीत दिसतात. या रोगाची रीतही अशी की पहिला ताप येतो, उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि मग दुसरा फेरा येतो तो जिवावरचा. दादाचं रक्त घेतलं तेव्हा तो अजून मेरेवर गेलाच नव्हता. म्हणजे ज्या चिखलासाठी वहिनी पाच वर्षं ऐकून घेत होती, त्या चिखलात उतरण्याच्या आधीच दादाचं शरीर लढत होतं. एका चाचणीवर शपथ घेता येत नाही, हे प्रतिपिंड महिनोन् महिने रेंगाळतातही. पण मला शपथेची गरज नव्हती. मला ठाऊक होतं.

त्याच ओळीत पुढचा रकाना होता. ‘गेल्या पंधरा दिवसांत ताप: नाही.’ अक्षर अर्थातच कॉम्प्युटरचं होतं, पण मूळ कागदावर ती खूण माझ्या हातची.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल होतं. दादा समोर बसला. मी विचारलं, पंधरा दिवसांत ताप आला होता? सगळ्यांना विचारत होतो तसाच. तो पुढे वाकला आणि हळू बोलला, “व्हता रे दोन-तीन दिस. गेल्या हप्त्यात. गोदामात पानी भरलेलं, भिजलो. आता काय नाय.” मी पेन टेकवलं तसा त्याने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. “लिव्हू नको. घरात कललं तर आई हातरुनातना उठाया द्यायची नाय. मंग ढोलकी कोन वाजवील?” वाडीत आरत्यांना ढोलकी त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हती, हे खरंच होतं. वर्षभर तो त्या पाच दिवसांसाठी जगायचा. मी हसलो आणि ‘नाही’वर खूण केली.

इस्पितळात डॉक्टर चिखलाचं विचारत होते तेव्हा मी तिथेच होतो. मी बोललो नाही. पहिल्यांदा वाटलं की दोन दिवसांचा किरकोळ ताप, त्याने काय फरक पडणार. मग वाटलं की फॉर्म खोटा भरला हे कळलं तर नोकरी जाईल. आणि मग दादा गेला, आणि आईचं बोट वहिनीकडे वळलं, आणि मला गप्प बसणं सोयीचं झालं. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितो आहे. बोललो असतो तर दादा वाचला असता का, मला माहीत नाही. उपचार कदाचित तेच झाले असते. पण वहिनी नक्की वाचली असती. तो शब्द माझ्या तोंडातच होता, आणि मी जगाला ‘नाही’चे तीन प्रकार शिकवत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला आणि राहण्याच्या ठिकाणाचा घोळ सांगितला. “अहो, पण तुम्ही तिथलेच ना?” त्यांनी विचारलं. म्हटलं, म्हणूनच चुकलो. आम्ही ठरवलं की सणाच्या सगळ्या शिबिरांपुरता तो रकाना बदलायचा, ‘मूळ गाव’ म्हणून वेगळी नोंद ठेवायची आणि ‘राहण्याचं ठिकाण’ याच्यापुढे ‘नीट विचारलेलं नाही’ असा क्रमांक लावायचा. मग मी म्हटलं, एका नोंदीत लक्षणाचंही चुकलं आहे, ते मला आठवतं. कुठली नोंद, असं त्यांनी विचारलं नाही. “बदला,” त्या म्हणाल्या, “पण आधार लिहा. कुणी बदललं, कशावरून बदललं. मी ते वाचीन.”

मी लगेच बदललं नाही. मनाशी ठरवलं, आधी घरी सांगेन आणि मगच तिथे लिहीन. मला वाटलं होतं की ही माझ्या सभ्यपणाची खूण.

एप्रिलच्या सुरुवातीला एसटीने गावी गेलो. भाजावळीचे दिवस होते. पावसाआधी रोपं पेरायच्या जागा पालापाचोळा पसरून भाजत होते, सगळ्या उतारांवर धूर. वहिनी एकटीच होती. पुतणी चिपळूणला नर्सिंगला आहे. वहिनीने भाकरी टाकली, बांगड्याचं तिखलं वाढलं. मी जेवलो, हात धुतले, आणि ओटीवर बसून सांगायला लागलो. प्रतिपिंड, आयजीएम हे सगळं बाजूला ठेवलं. म्हटलं, शिबिरात दादाचं रक्त घेतलेलं, त्याचं उत्तर मी आता बघितलं. रोग तेव्हाच अंगात होता. मेर घालायच्या आदल्या दिवशी.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. “म्हंजे मेरेवर नाय लागला?”

“नाय. मुंबयसनंच आलेला.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला आणि रडली. दादा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा रडायचाही हक्क नाही अशी ती कोपऱ्यात बसून होती. मी समोरच्या फणसाकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. “आईंना कलाया पायजे व्हतं,” ती म्हणाली. “आज असत्या तर.” आई असेपर्यंत सांगण्यासारखं माझ्याकडे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. माझी मान वर होईना.

मग तिने ते विचारलं. मी त्याची तयारी केली नव्हती, आणि का केली नव्हती ते मला कळत नाही, कारण तिची ओळ दादाच्या वरचीच होती. ती त्याच रांगेत त्याच्या पुढे होती.

“भावजी, तुमी त्या दिशी समद्यांना ताप इचारत व्हतात. माला बी इचारलंत. त्यांना इचारलं असंल.”

“इचारलं.”

“काय बोलले?”

ती माझ्याकडे बघत होती. चेहरा रडून मोकळा झालेला, सहा वर्षांत न बघितलेला. खरं सांगितलं तर तिला कळणार होतं की नवरा ताप लपवून तिच्यासमोर वावरला, आणि तिने आजाऱ्याला चिखलात उभं केलं. एक ओझं उतरवून दुसरं चढवायचं. तिच्यासाठी गप्प बसावं असं मी तेव्हा मनाला समजावलं. पण तिला हेही कळणार होतं की मला ठाऊक होतं. आई बोलत होती तेव्हा, वहिनी ऐकत होती तेव्हा, दर शिमग्याला, दर गणपतीला मी त्याच घरात जेवत होतो आणि मला ठाऊक होतं. मी घाबरलो तो याला. तिच्या काळजीचं नाव पुढे केलं, एवढंच.

“नाय बोलला,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधानच म्हणावं लागेल. “मंग त्यांना बी ठावं नव्हतं,” ती म्हणाली. “ठावं असतं तर माला सांगितल्याबिगर ऱ्हायले नसते.” सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तांदळातले खडे बाजूला पडत राहिले. बऱ्याच वेळाने, जसं काही आत्ताच सुचलं तसं म्हणाली, “यंदा त्यो कुणगा लावूया. मेर पार गेलीय. तुमी या पावसात, मेर तुमी घाला.”

मी येईन म्हटलं.

रत्नागिरीला परत आलो, खोलीत पंखा लावला आणि लॅपटॉप उघडला. दादाची ओळ काढली. ‘ताप’ या रकान्यातला ‘नाही’चा क्रमांक पुसला आणि ‘होता’चा टाकला. आधार: फॉर्म भरणाऱ्याची स्वतःची आठवण. चूक कुणाची: फॉर्म भरणाऱ्याची. दोन दिवसांनी बाईंनी ते वाचून मान्य केलं, काही विचारलं नाही, आणि महिनाअखेरीला सगळ्या नोंदी खुल्या झाल्या. आता कुठल्याही देशातला कुणीही, त्याची भाषा कुठलीही असो, तो क्रमांक उघडून वाचू शकतो की त्या माणसाला आधीच ताप होता आणि विचारल्यावर त्याने तसं सांगितलं होतं.

वहिनीचा काल फोन आला होता. रोपं चांगली उगवली आहेत म्हणाली, मी कधी येतो ते विचारत होती.